मागून दोन थापा

१

आमच्या घरातून गाडी बाहेर काढायला दोन माणसं लागतात. एक गाडीत आणि एक गाडीच्या मागे. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

घर सूस रोडला. आजोबांच्या वेळी इथे ज्वारी होती, आता आमचा बंगला आणि चारी बाजूंनी टॉवर. रस्त्यावर दरवेळी नवं डांबर पडत गेलं, रस्ता वर वर गेला आणि घर राहिलं खाली. त्यामुळे गेटपासून पोर्चपर्यंत सॉलिड उतार आहे. गाडी आत घालताना नाक पुढे करून सोडायची, आणि काढताना रिव्हर्समध्ये चढवत चढवत थेट रस्त्यावर. आता कोणी म्हणेल, उलटी आत घालून ठेवा की, म्हणजे निघताना सरळ निघाल. अहो, पण त्यासाठी भर रस्त्यात गाडी आडवी करावी लागते, आणि आमच्या रस्त्याला डंपर आणि टँकर कोणासाठी थांबत नाहीत.

तर मागे माणूस लागतो. आमच्याकडे तो माणूस म्हणजे तात्या, माझे वडील. तात्यांनी उभं आयुष्य मंडईला भाजीचा टेम्पो चालवला, त्यामुळे त्यांची पद्धत टेम्पोची. तोंडाने ‘येऊ द्या, येऊ द्या’ वगैरे नाही. डिकीवर तळहाताने थाप. दोन थापा म्हणजे ये. एक थाप म्हणजे थांब. एसटीच्या घंटीसारखं. मी अशीच शिकले. खरं सांगायचं तर रिव्हर्स घेताना मी मागे बघायचेच नाही, नुसती ऐकायचे. आमच्या घरात कोणीच मागे बघत नाही. एवढा विश्वास.

मागच्या वर्षी तात्यांना पॅरालिसिसचा झटका आला. मी तेव्हा हिंजवडीला ऑफिसात. आई आणि धाकटी बहीण मैना घरी, गाडी पोर्चमध्ये, चावी खुंटीला, आणि चालवणारं कोणी नाही. कॅबवाले एकामागून एक कॅन्सल करत होते. हॉस्पिटलला पोचले तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले, “थोडं आधी आणलं असतं तर.” तात्यांची उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. आणि असा झटका परत येऊ शकतो, हेही डॉक्टरांनी सांगून ठेवलं.

आता मला कंपनी चेन्नईला पाठवतेय. मैनाला नुकती अठरा पूर्ण झालीत, लर्निंग लायसन हातात आहे. मी जायच्या आत तिला गाडी आली पाहिजे, बास. दुसरा काही विषयच नव्हता.

२

मी कामाला लागले की घरच्यांना ताप होतो, असं आई म्हणते. असेल.

पहिल्यांदा उताराच्या दोन्ही भिंतींना पिवळे-काळे पट्टे मारले. गेटच्या खांबाला जुने टायर बांधले, म्हणजे घासली तर रबर घासेल. आईच्या कुंड्या सगळ्या टेरेसवर. मोगऱ्याची कुंडी नेताना ती माझ्याशी बोलत नव्हती. ड्रेनेजचं झाकण हलत होतं, ते सिमेंटने पक्कं केलं. मैनाची सायकल, मोडका कूलर, तात्यांच्या टेम्पोची ताडपत्री, सगळं उचललं. गेटसमोरच्या खांबावर तो गोल फुगीर आरसा लावून घेतला, सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये असतो तसला. ड्रायव्हिंग सीटवरून मान वळवून पाहिलं की त्यात गाडीची मागची बाजू आणि दोन्हीकडचा रस्ता, सगळं इवलंसं, वाकडं, पण दिसतं.

मैनाने स्वतःच्या हाताने पाटी लिहून गेटला लावली. ‘येथे मुलगी गाडी शिकत आहे. हॉर्न वाजवल्याने ती लवकर शिकणार नाही.’

शेजारचे आप्पासाहेब कंपाउंडपलीकडून वाचत उभे होते. आयुष्य नारायण पेठेत काढून रिटायर झाल्यावर इकडे आलेत, आणि आल्यापासून आम्हाला सुधारतायत.

“‘कृपया’ लिहिलं नाहीत ते बरं केलंत,” ते म्हणाले. “उगाच लोक लाडावतात. आमच्या भिंतीलाही पट्टे मारणार आहात का?”

“नको काका, तुमच्या भिंतीपर्यंत नाही येत गाडी.”

“येईल. मी खिडकीतून बघतोय रोज.”

तात्यांची व्हीलचेअर आम्ही व्हरांड्यात आणून ठेवायचो, उताराकडे तोंड करून. तेवढंच त्यांना बघायला. उजवा हात आई मांडीवर उशी ठेवून त्यावर ठेवायची, नुसता ठेवलेला, एखादी वस्तू ठेवावी तसा. त्या हाताचं पहिलं बोट अर्धं आहे. जुनी गोष्ट, टेम्पोच्या मागच्या फाळक्यात सापडलं होतं.

डावा हात मात्र जिवंत. आई जवळ बसली की तो तिची बोटं धरून ठेवायचा.

३

पहिले काही दिवस मैनाने गाडी इतक्या वेळा बंद पाडली की बॅटरीला वाईट वाटलं असेल. चढावर हाफ क्लच म्हणजे काय हे शब्दांत सांगताच येत नाही. मी शेजारी बसून “सोड, सोड, थोडा सोड, अगं एवढा नाही” करत होते.

मग एका सकाळी ती चढली. गाडी गुरगुरत, थरथरत, पण उलटी वर निघाली. मी मागे बघत होते, मागच्या काचेवर ऊन होतं, काही दिसत नव्हतं.

डिकीवर दोन थापा पडल्या.

थप, थप. नेहमीच्या, ओळखीच्या. मैनाने अजून थोडा क्लच सोडला, गाडी अजून वर. परत दोन. मग गेटजवळ एक, जरा जोरात. तिने ब्रेक मारला. तेवढ्यात मागून पाण्याचा टँकर गेला.

“आई काय भारी टायमिंग मारते,” मैना म्हणाली.

मलाही तेच वाटलं. आई मागे उभी आहे. मी दार उघडून उतरले, तर मागे कोणी नाही. घरातून मिक्सरचा आवाज येत होता. आई स्वयंपाकघरात चटणी वाटत होती. हात धुऊन बाहेर आली आणि म्हणाली, “झालं का तुमचं? मी येऊ का मागं उभी ऱ्हायला?”

मी डिकी उघडली. स्टेपनी, जॅक, पाण्याचा एक कॅन. कॅन लोळत असणार. चढावर गाडी हिसके खाते, कॅन लोळतो, आपटतो. सिंपल. मी कॅन काढून टाकला.

एकच गोष्ट डोक्यातून जाईना. कॅन टँकर बघून थांब म्हणेल का?

४

दुसऱ्या दिवशी परत थापा आल्या. मी जॅक काढला. त्याच्या दुसऱ्या दिवशी स्टेपनी काढली. डिकी रिकामी, धुऊन पुसून रिकामी, आणि तरी थप थप.

मी तो गोल आरसा बघायला लागले. थाप पडली की नेमकी त्याच सेकंदाला आरशात नजर. आरशात आमची गाडी, पिवळे-काळे पट्टे, वाकलेला रस्ता. गाडीच्या मागे मोकळी जागा. थप, थप. मोकळी जागा.

मी मेकॅनिकल इंजिनियर आहे, नंतर आयटीत गेले तो भाग वेगळा. पत्रा गरम होतो, प्रसरण पावतो, आवाज करतो. एक्झॉस्टची पट्टी सैल असते. गॅरेजमध्ये दाखवलं. त्याने गाडी वर उचलून सगळं ठोकून पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, गाडी ठणठणीत आहे. तुम्ही सुट्टी घ्या.”

आणि मैना? मैना एकदम तयार होत होती. भीती गेली तिची. तिला वाटायचं मीच काहीतरी करतेय, मग वाटायला लागलं की आई, मग तिने विचार करणंच सोडलं. “ताई, तू बोलू नकोस ना मध्ये,” ती म्हणायची. “मला थाप ऐकू येत नाही.” ती मान सरळ पुढे ठेवून, समोर घराकडे बघत, गाडी उलटी चढवायची. मिरर नाही, मागे नाही. रुळावरून गेल्यासारखी सरळ जायची गाडी. मला आठवड्याभरापूर्वी हे दिसलं असतं तर मी पेढे वाटले असते.

शनिवारी गाडीवर चांगली धूळ बसली होती. समोर टॉवरचं काम, रोजचीच धूळ. ती बाहेर काढून परत आत घातल्यावर मी मागे गेले, तर डिकीवर पंजे उमटलेले होते. उजव्या हाताचे. एकावर एक, खूप सारे.

पहिलं बोट अर्धं.

मी फडक्याने पुसून टाकले. का पुसले माहीत नाही. फोटो काढायला हवा होता, पण तेव्हा असं झालं की कोणी बघायच्या आत पुसावं.

५

संध्याकाळी आई तात्यांचे हात-पाय गरम पाण्याच्या फडक्याने पुसत होती. मध्येच थांबली.

“सरे, इकडं ये.”

माझं नाव सरोजिनी, आजीचं ठेवलेलं. ऑफिसात सॅरो, घरी सरे.

तिने तात्यांचा उजवा तळवा माझ्यासमोर धरला. काळा होता. रेषांमध्ये बारीक धूळ, आणि फुगवट्यावर लाल, जसा काहीतरी आपटून आपटून होतो तसा.

“सकाळी पुसला हाय मी,” आई म्हणाली. “उशीवरनं हालला न्हाई दिवसभर.” आणि तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. “हालत आसंल का गं? आपलं लक्ष नसताना?”

तिला किती आशा होती, ते बघवत नव्हतं. मी म्हटलं, असेल, व्हीलचेअरच्या चाकाला लागला असेल.

फिजिओ आला त्याला तिने लगेच सांगितलं. त्याने हात उचलला, सोडला. हात उशीवर पडला. बोटं दाबली, सुईने टोचलं. काही नाही. “काकू, मसलमध्ये काहीच नाहीये अजून,” तो म्हणाला. “पण ट्रीटमेंट सोडू नका.”

रात्री मैनाला मी सगळं सांगितलं. पंजे, बोट, धूळ. ती हसेल, नाहीतर ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “म्हणजे तात्याच शिकवतायत मला.”

“मैना, तात्या व्हरांड्यात असतात.”

“असू दे ना. तुला शिकवलं त्यांनी. मला का नाही शिकवणार?”

आणि खरं सांगते, मलाही ते पटायला लागलं. बरं वाटलं. माणूस अर्धा अडकून पडलाय आणि त्याचा हात पोरीच्या मागे उभा आहे, ह्यात घाबरण्यासारखं काय आहे? मी चेन्नईचं तिकीट काढून टाकलं.

६

रविवारी मी ठरवून तात्यांकडे बघत बसले. गाडीत नाही, व्हरांड्यात, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर. मैनाने पुढे-मागे करायचं, गेटच्या आतच, रस्त्यावर जायचं नाही असं बजावलं होतं. गेट बंद करून घेतलं होतं.

गाडी सुरू झाली. थप, थप. आवाज एवढा स्पष्ट की आप्पासाहेबांच्या कुत्र्याने मान वर केली.

तात्यांचा उजवा हात उशीवर पडलेला. बोटं अर्धी मिटलेली. मी हाताकडे बघत असताना परत थप थप झालं आणि हात हलला नाही.

मग मला दुसरा आवाज ऐकू आला. जवळचा. तात्या डाव्या हाताने खुर्चीच्या दांडीवर मारत होते.

एकदा. थांबून, परत एकदा. परत एकदा.

तिकडे दोन, इकडे एक. तिकडे ये, इकडे थांब. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. वर्षभर तो चेहरा अर्धा सैल असतो, त्यावर काही वाचता येत नाही. पण डाव्या डोळ्यात जे होतं ते मला वाचता आलं. तात्या गाडीकडे बघत नव्हते. गाडीच्या मागे, उजव्या कोपऱ्यावर बघत होते, आणि जिवाच्या आकांताने ते एकच सांगत होते.

“मैना, थांब,” मी ओरडले. गाडी बंद गेटला टेकायला हातभर अंतर होतं. मागून थापा येतच होत्या. भराभर. दोन, दोन, दोन.

ती उतरली, वैतागलेली. “अगं येत होती की व्यवस्थित. कशाला मध्ये मध्ये करतेस?”

“गेट बंद आहे मैना.”

तिने मागे वळून पाहिलं. गेट बंद आहे हे तिच्या लक्षातच नव्हतं.

आप्पासाहेब भिंतीपाशी आले होते. “अभिनंदन,” ते म्हणाले. “मच्छिंद्रराव हिंडू-फिरू लागले, आनंद आहे.”

“तात्या इथे आहेत काका,” मी म्हटलं.

त्यांनी चष्मा सारखा करून व्हरांड्याकडे पाहिलं. मग गेटच्या खांबाकडे. “मग रोज इथे उभं कोण असतं? तो तुमचा खांब मध्ये येतो, त्यामुळे मला अर्धेच दिसतात. मी म्हटलं जरा पुढे येऊन उभे राहा, गप्पा मारू. पण पुढे येत नाहीत. तुसडे वाटले मला.”

ते आत गेले आणि मी खांबाकडे बघत राहिले. आमचा गेटचा खांब वीतभर रुंद आहे. त्याच्यामागे अर्धा माणूस लपत नाही.

७

गुरुवारी तात्यांची हॉस्पिटलची अपॉइंटमेंट होती. मी ठरवलं, थापा बंद. मैनाला समोर बसवून सांगितलं, की आजपासून फक्त माझा आवाज ऐकायचा. मी मागे उभी राहीन. मी तोंडाने थांब म्हटलं की थांब, ये म्हटलं की ये, आणि डिकीवर कितीही काही वाजलं तरी पाय हलवायचा नाही. नियमाने मी तिच्या शेजारी बसायला हवं होतं, माहीत आहे मला. पण मागे कोण उभं राहतंय हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

तात्यांना मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसवलं, बेल्ट लावला. आईने त्यांचा डावा हात सोडवून घेतला तेव्हा सोडवायला जोर लावावा लागला. “आवं, लगीच येताय की परत,” ती म्हणाली.

सकाळचं ऊन, शाळेच्या व्हॅन, भाजीवाला. भुतंखेतं आठवावीत अशी ती वेळच नव्हती. मी डिकीच्या डाव्या कोपऱ्याला उभी राहिले. “ये,” मी म्हटलं. गाडी चढायला लागली. “ये. ये. सरळ.” मी तिच्याबरोबर मागे मागे सरकत होते. उजव्या कोपऱ्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं, म्हणून मी रस्त्याकडे बघत होते.

वरच्या साइटवरून डंपर सुटला. भरलेला, उतारावर, हॉर्न नाही.

“थांब.”

गाडी थांबली. आणि माझ्यापासून चार फुटांवर, पत्र्यावर, दोन थापा पडल्या.

गाडी सुटली. मैनाच्या पायाने सोडली, मैनाने नाही. ती नंतर रडत हेच सांगत होती, ताई, मला तुझा आवाज आला होता, पण पाय गेला. मी किंचाळले. डिकीवर दोन्ही हातांनी आपटलं. त्या थापा चालूच होत्या, दोन, परत दोन, माझ्या आवाजाच्या वर. गाडीची शेपूट गेटच्या बाहेर निघाली आणि मला डंपरच्या टायरमध्ये अडकलेले खडे दिसत होते एवढा तो जवळ होता.

तेव्हा आतून काचेवर एक दणका बसला. डाव्या हाताचा. एकच, पण असा की काच फुटते की काय.

ब्रेक लागला. डंपर गेला. वाऱ्याने माझी ओढणी उडून डिकीवर पडली आणि धुळीचा लोट अंगावर आला.

मी उजव्या कोपऱ्याकडे पाहिलं.

गाडीच्या कडेपलीकडे तात्या उभे होते. म्हणजे खांदा दिसत होता. पांढऱ्या शर्टची उजवी बाही, कोपरापर्यंत दुमडलेली, मंडईत जाताना दुमडायचे तशी. उजवा कान. मिटलेल्या ओठांचा तेवढा भाग. हात डिकीवर. बाकीचे गाडीच्या आड असणार असं मला वाटलं. वाटणारच ना? आपण असंच बघतो. कोपऱ्याआड उरलेला माणूस असतोच, हे आपण धरून चालतो.

मग मैनाचा ब्रेक किंचित सुटला आणि गाडी उतारावर पुढे घरंगळली. कोपरा सरकला. आता बाकीचे तात्या दिसायला हवे होते.

मी वाट बघत होते. बाकीचं काही आलं नाही.

धूळ डोळ्यांत गेली, मी डोळे चोळले. पुन्हा पाहिलं तर कोपऱ्यावर कोणी नव्हतं, आणि गाडीचं मागचं उजवं दार बंद झाल्याचा आवाज आला. मऊ आवाज. घरचं माणूस दार लावतं तसा.

८

मी गाडी चालवली. मैना शेजारी बसून रडत होती. मागे बघायची माझी हिंमत होत नव्हती, पण आरसा समोर होता. तात्या डाव्या बाजूला बेल्ट लावून बसवलेले. बेल्ट तसाच होता. आणि उजवा हात मैनाच्या सीटच्या मागे, डोक्याच्या उशीवर टेकवलेला होता. बोटं पसरून.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी दोन बोटं पुढे केली आणि तात्यांनी उजव्या हाताने ती धरली. डॉक्टर म्हणाले, “ए वन.” सिस्टरला बोलावून दाखवलं. डाव्या बाजूला थोडा वीकनेस वाटतोय, असं म्हणाले, पण ते दमल्यामुळे असेल, पुढच्या वेळी बघू. मैना रडायची थांबून हसायला लागली. आईला फोन लावला तर ती परत परत तेच सांगायला लावत होती.

मी काय सांगणार होते कोणाला? वडील बरे होतायत ही तक्रार घेऊन कुठे जायचं?

तात्या रोज सुधारत गेले. उजव्या हाताने जेवायला लागले, दाढी करायला लागले. ओठ उजवीकडून हसायचे. आप्पासाहेब पेढे मागून गेले. डावा हात मात्र मांडीवर पडून असायचा, आई त्याच्याखाली उशी ठेवायची. एका दुपारी मी पाणी प्यायला आत गेले, तर आई एकटीच ओट्याशी उभी होती.

“हात आलाय खरं,” ती म्हणाली. “पण धरत न्हाई गं. मी हातात हात दिला तर नुसता बघत्यात माझ्याकडं. कुणाच्या घरी आल्यावानी.”

मैनाला परमनंट लायसन मिळालं. तात्या तिच्याशिवाय गाडीत बसत नाहीत आणि तिच्यामागेच बसतात, रोज. सिग्नलला, वळणावर, पार्किंगमध्ये, ते तिच्या खांद्यावर हात ठेवून सांगतात. ती बाहेरचे आरसे दुमडूनच ठेवते आता. “लागत नाहीत ना,” म्हणते.

चेन्नईला निघाले त्या दिवशी एअरपोर्टला सोडायला ती आणि तात्या आले. मी पुढे, तिच्या शेजारी. विद्यापीठ चौकात लाल लागला. समोरून, उजवीकडून, सगळीकडून गाड्या वाहत होत्या, एक बस वळत होती. मैना गुणगुणत होती.

मी आरशात पाहिलं. तात्यांचा डावा हात मांडीवरून उचलला जात होता. इंचभर उचलला, पडला. परत उचलला, पडला. कापडावर पडत होता, त्याचा आवाज होत नव्हता. डावा डोळा माझ्याकडे लागला होता.

मैनाच्या खांद्यावर दोन थापा पडल्या.

सिग्नल लाल होता. तिने मागे न बघता क्लच सोडला.

मी हँडब्रेक ओढला. गाडी हिसका खाऊन बंद पडली, बस आमच्या बॉनेटला जवळजवळ पुसून गेली, ड्रायव्हर आमचा उद्धार करत गेला. मैना माझ्याकडे बघत होती, भाबडी, खरंच न कळून.

“ताई, असं काय करतेस? त्यांनी सोड म्हटलं होतं ना.”

मागे सीटच्या चामड्याचा आवाज झाला, कोणीतरी पुढे वाकताना होतो तसा. मग हात माझ्या खांद्यावर आला. गरम होता. अर्धं बोट मला गळ्याजवळ लागत होतं.

दोन थापा. हळू, मायेने. जा तू, म्हणून.

माझा हात हँडब्रेकवर होता. तो मी काढला नाही. माझी फ्लाइट गेली, जॉइनिंग गेलं, हिंजवडीची नोकरीही राहील असं वाटत नाही. मैना गाडी काढते तेव्हा मी शेजारी बसते. ती रोज विचारते, ताई, तू जाणार कधी? आणि तिने विचारलं की माझ्या खांद्यावर तो हात येतो, आणि वाट बघत राहतो.